अठ्ठावीस-पाच

दूधवाल्याच्या कॅलेंडरवर
‘दीड लिटर’च्या खाली मी बारीक आकडे लिहिते.
सत्तावीस-सहा. अठ्ठावीस-शून्य.
प्रफुल्लला वाटतं, हिशेब.
हिशेबच आहे.

काल लिहिलं अठ्ठावीस-चार. पेन जरा अडलं.
शलाका याच आकड्यावर आली होती,
अकराशे दहा ग्रॅम.
काचेपलीकडे बघत सासूबाई म्हणाल्या होत्या,
‘एवढी घाई काऊन केली वं?’
त्यांनी बाळाला विचारलं होतं.
मला सहा वर्षं वाटत राहिलं, मला विचारलं.

या खेपेला आत एक टाका आहे.
खोब्रागडे मॅडम म्हणतात, घट्ट आहे.
तरी शिंक आली की माझे दोन्ही हात पोटाखाली जातात.
आईनं अभ्र्याला घातलेला टाका
धुता धुता कसा उसवतो
ते बघत मोठी झालेय मी.

मे महिना. रात्री दोनलाही भिंती हाताला गरम.
टाकीतलं पाणी संपलं की कूलर जसा कोरडा घरघरतो
तसा घरघरत होता.
पोट कडक झालं.
सुटलं.
डावी कूस. दोन ग्लास पाणी. घड्याळ.
सगळं पाढ्यासारखं पाठ.
अकरा मिनिटं.
नऊ.
नऊ.
आठ.
मागच्या वेळी मी म्हणाले होते, गॅस झाला असेल,
आणि सकाळपर्यंत ओव्याचं पाणी पीत

‘प्रफुल्ल, ऊठ.’

मानेवाड्याहून धंतोलीपर्यंत एकही सिग्नल लाल नव्हता.
सगळे पिवळे, लुकलुकणारे:
जा, पण जपून.
अजनीपासून मी मेट्रोच्या खांबांवरचे आकडे वाचत गेले,
कळा मोजायच्या राहून गेल्या.

पट्टा. गार जेल.
मग तो आवाज, वरच्या मजल्यावर
कुणी शिलाई मशीन पळवावी तसा.
कागदावर टेकड्या उमटत गेल्या,
सेमिनरी हिल्सएवढ्या, चढताना दमही लागू नये अशा.
मेश्राम सिस्टरनं कागद फाडून घडी घातली.
‘खोट्या आहेत बाई. टाका जागच्या जागी.
पाणी किती पिता? नागपूरचा उन्हाळा आहे बापा!’
मला लाज वाटली. मग रडू आलं.
मग तिनं सलाइन लावलं,
रडायला पाणी मिळालं.

निघताना वाटेत ती खोली लागली.
तिच्या काचेला कपाळ टेकून मी छत्तीस दिवस काढलेत.
दर दोन तासांनी दोन मिलिलिटर दूध, नळीतून.
आज दाराखालून निळा उजेड येत होता.
कुणाचं तरी आहे आत.
मी चपला हातात घेतल्या
आणि पुढे गेले.

घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं.
सासूबाई कूलरमध्ये बादली ओतत होत्या.
काही न विचारता त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं,
मग पन्ह्याचा ग्लास पुढे केला.
जाड चष्म्याआडून, तोंडात ब्रश धरून शलाका:
‘आलं का बाळ?’
‘नाही.’
‘छान!’ ती म्हणाली, फेस गिळत.
आमच्या घरात तिला हेच शिकवलंय,
अजून न येणं म्हणजे छान.

मी पेन घेतलं.
अठ्ठावीस-पाच.
हा आकडा मी आजवर कधी लिहिला नव्हता.
इथपर्यंतची वाट पायाखालची,
कुठे खड्डा, कुठे रस्ता एकदम संपतो, सगळं ठाऊक.
इथून पुढे मीही पहिलटकरीण.

सासूबाईंना विचारायला हवं,
नवव्या महिन्यात पाय खरंच एवढे सुजतात का,
कूस बदलायला कुणाला तरी उठवावं लागतं का,
दिवस सरता सरत नाहीत म्हणतात, ते खरं का,
कंटाळा येतो का.

मला फार कंटाळायचंय.